घटक ४ : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे – ‘सुधारणा’ या शब्दाची निवड आणि तिची किंमत

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• न्या. म. गो. रानडे यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• ‘सुधारणा’ या एका मराठी शब्दात एकवटलेल्या निरनिराळ्या इंग्रजी संकल्पना वेगळ्या करून दाखवता येतील.
• रानडे यांनी ‘रिव्हायव्हल’ऐवजी ‘रिफॉर्म’ हा शब्द का स्वीकारला, याची कारणे स्पष्ट करता येतील.
• या निवडीच्या मर्यादांविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा वैचारिक इतिहास हा बऱ्याच अंशी एका शब्दाभोवती झालेल्या वादांचा इतिहास आहे. तो शब्द म्हणजे ‘सुधारणा’. या शब्दाचा पुरस्कार करणारे होते, त्याची टवाळी करणारे होते आणि तो अपुरा वाटल्याने त्याच्या पुढे जाऊ पाहणारेही होते. या वादांच्या मध्यभागी जवळजवळ तीस वर्षे उभे असलेले व्यक्तिमत्त्व म्हणजे न्या. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१).

रानडे यांचे बरेचसे वैचारिक लेखन इंग्रजीत आहे. त्यांचा समाज मात्र मराठीत विचार करणारा होता. इंग्रजीत ज्या अर्थांसाठी अनेक शब्द होते, त्या अर्थांसाठी मराठीत बहुधा एकच शब्द वापरला जात होता. इंग्रजीतील कोणता शब्द निवडायचा, हा त्यामुळे त्यांच्यापुढे केवळ भाषेचा प्रश्न राहिला नाही. समाजाचे काय ठेवायचे, काय टाकायचे आणि ते कोणत्या गतीने, हे त्या निवडीतून ठरत होते. या घटकात आपण रानडे यांचे चरित्र या दृष्टीने पाहणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ एक मराठी शब्द, अनेक इंग्रजी शब्द

प्रथम आपल्या रोजच्या भाषेकडे पाहू. शेताला बांधबंदिस्ती केली, गाळ टाकला, विहीर खोदली की आपण जमिनीची सुधारणा केली असे म्हणतो. कूळकायदा आणि कमाल जमीनधारणेचा कायदा यांनाही आपण ‘जमीन सुधारणा’ असेच म्हणतो. पहिल्या सुधारणेत मालक तोच राहतो आणि पीक वाढते. दुसऱ्या सुधारणेत मालकच बदलू शकतो. इंग्रजीत पहिल्या क्रियेला ‘इम्प्रूव्हमेंट’ आणि दुसरीला ‘रिफॉर्म’ असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत एकाच शब्दाने काम भागते, आणि त्यामुळे वाद घालणारे दोघे एकच शब्द उच्चारत असूनही दोन भिन्न गोष्टींविषयी बोलत असतात.

‘सुधारित’ या विशेषणाचेही तसेच आहे. ‘सुधारित बियाणे’ म्हणजे अधिक उत्पन्न देणारे बियाणे, ‘सुधारित आवृत्ती’ म्हणजे चुका काढून पुन्हा तपासलेले पुस्तक, आणि ‘बालसुधारगृह’ म्हणजे वर्तन बदलण्यासाठी उभारलेली संस्था. एकोणिसाव्या शतकात तर ‘सिव्हिलायझेशन’ या इंग्रजी शब्दासाठीही ‘सुधारणा’ हाच प्रतिशब्द रूढ होता. साहजिकच ‘इंग्रजी सुधारणा’ या शब्दप्रयोगात इंग्रजांची संस्कृती, त्यांनी आणलेल्या सोयी आणि समाजातील दोषांचे निर्मूलन हे तिन्ही अर्थ मिसळून गेले.

याउलट काही छटांसाठी मराठीत स्वतंत्र आणि नेमके शब्द होते. गळक्या छपराची ‘डागडुजी’ होते. यंत्राची आणि कायद्याची ‘दुरुस्ती’ होते. मंदिराचा ‘जीर्णोद्धार’ होतो. बीड जिल्ह्यातील परळी येथील वैद्यनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकर यांनी केला, असे आपण म्हणतो. तेथे ‘मंदिराची सुधारणा’ असे कोणी म्हणणार नाही. जीर्णोद्धारात देवता तीच, स्थान तेच, श्रद्धाही तीच राहते. जीर्ण झालेले तेवढे नवे होते. समाजाच्या बाबतीत यांपैकी कोणती क्रिया अपेक्षित आहे? डागडुजी, दुरुस्ती, जीर्णोद्धार, की मूळ रचनेतच बदल? रानडे यांच्या आयुष्यभराच्या चिंतनाचा हा विषय होता.

४.२.२ जडणघडण

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरात गेले. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. मुंबई विद्यापीठातून १८६२ मध्ये बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश होता. रा. गो. भांडारकर हे त्यांचे सहाध्यायी होते. पुढे त्यांनी एम. ए. आणि कायद्याची पदवी संपादन केली.

दोन भाषांमधील अंतराचा अनुभव त्यांना तारुण्यातच आला. ‘इंदुप्रकाश’ हे पत्र मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघत असे. त्याच्या मराठी भागाची धुरा विष्णुशास्त्री पंडित यांच्याकडे होती, तर इंग्रजी भागाचे काम काही काळ रानडे यांनी सांभाळले. विधवाविवाहासारखा विषय एकाच पत्रात दोन भाषांत, दोन प्रकारच्या वाचकांसाठी मांडला जात होता. त्यानंतर शिक्षण खात्यात त्यांनी मराठी भाषांतरकार म्हणून काम केले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे अध्यापनही केले. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश (१८३१) आणि कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश (१८४७) तोवर प्रसिद्ध झाले होते. प्रतिशब्द कोशात सापडत होते. तथापि, समाजात त्या शब्दांना कोणता अर्थ प्राप्त होईल, हे कोश ठरवू शकत नव्हता.

१८७१ मध्ये रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यास आले. तेथे सार्वजनिक सभेच्या कार्यास त्यांनी दिशा दिली, १८७५ च्या सुमारास सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेस चालना दिली आणि १८७८ मध्ये लोकहितवादींच्या साह्याने मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरवले. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा याच घटनेपासून मोजली जाते. पुण्यातील मुलींची शाळा (१८८४) हेही त्यांच्या प्रयत्नांचे महत्त्वाचे फलित होय.

४.२.३ ‘रिलीफ’ आणि ‘रिफॉर्म’

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला. त्याचा परिणाम म्हणून सरकारने १८७९ मध्ये ‘डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट’ संमत केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि तेव्हाचे अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. यांपैकी तेव्हाचा अहमदनगर जिल्हा बीडला लागून आहे. बीड मात्र निजामाच्या राज्यात असल्याने या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले.

या कायद्याच्या नावातील ‘रिलीफ’ हा शब्द लक्षणीय आहे. रिलीफ म्हणजे दिलासा, त्रासातून सुटका. कर्जाचा पूर्वेतिहास तपासण्याचा, अवाजवी व्याज कमी करण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला आणि कर्जासाठी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्यास आळा बसला. रानडे यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीचे काम अनेक वर्षे केले. १८८७ पासून ते त्याचे विशेष न्यायाधीश होते. त्यासाठी त्यांना गावोगावी दौरे करावे लागत.

या कामामुळे त्यांना दिलाशाचे मोलही कळले आणि त्याची मर्यादाही कळली. सावकाराचा जाच कमी झाला, तरी शेतकऱ्याची भांडवलाची गरज संपत नव्हती. पाऊस हुकला की त्याला पुन्हा कोणाच्या तरी दारात उभे राहावेच लागे. म्हणून रानडे यांनी प्रुशियासारख्या देशांतील शेतजमिनीच्या कायद्यांचा अभ्यास केला, पतपुरवठ्याच्या नव्या व्यवस्थेचा विचार मांडला आणि शेतीवरील भार कमी करण्यासाठी उद्योगधंद्यांच्या वाढीचा आग्रह धरला. १८९० मध्ये पुण्यात भरलेली औद्योगिक परिषद ही याच विचाराची परिणती होती. वेदना कमी करणे आणि वेदनेचे कारण दूर करणे ही दोन्ही कर्तव्ये आहेत, पण ती एकच नव्हेत, हा भेद त्यांच्या अर्थविषयक लेखनात सातत्याने दिसतो.

४.२.४ ‘रिव्हायव्हल’ की ‘रिफॉर्म’?

१८८७ मध्ये मद्रास येथे राष्ट्रीय सामाजिक परिषदेची स्थापना झाली. काँग्रेसच्या वार्षिक अधिवेशनास जोडून ती भरत असे आणि रानडे हे तिचे प्रमुख आधारस्तंभ होते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामुळे सुधारणेच्या प्रश्नावर समाज दुभंगला. १८९५ मध्ये काँग्रेस पुण्यात भरली, तेव्हा तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरवण्यास तीव्र विरोध झाला आणि परिषद अन्यत्र घ्यावी लागली.

याच काळात सुधारकांवर एक नवा आक्षेप घेतला जाऊ लागला. ‘रिफॉर्म’ हा शब्दच परका आहे, तो पाश्चात्त्यांचे अनुकरण सुचवतो, आपल्याला हवे आहे ते ‘रिव्हायव्हल’, म्हणजे प्राचीन वैभवाचे पुनरुज्जीवन, असे देशाच्या निरनिराळ्या भागांतून म्हटले जाऊ लागले. या आक्षेपात बळ होते. परकीय सत्तेखाली खचलेल्या समाजाला स्वतःच्या भूतकाळाचा अभिमान हवासा वाटणे स्वाभाविक होते. शिवाय रानडे यांना पुनरुज्जीवनवाद्यांविषयी तुच्छता नव्हती. वेदांकडे परत चला असे सांगणारे स्वामी दयानंद १८७५ मध्ये पुण्यास आले, तेव्हा त्यांच्या व्याख्यानांस आणि मिरवणुकीस रानडे यांनी साहाय्य केले होते.

डिसेंबर १८९७ मध्ये अमरावती येथे सामाजिक परिषदेचे अकरावे अधिवेशन भरले. तेथील भाषणात रानडे यांनी हे दोन शब्द समोरासमोर ठेवले. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा : पुनरुज्जीवन करायचे म्हटले, तर प्रथम कोणत्या काळाचे ते सांगावे लागेल. वेदकाळाचे, स्मृतींच्या काळाचे, पुराणांच्या काळाचे, की त्यानंतरच्या काळाचे? आपल्या चालीरीती कधीच स्थिर नव्हत्या. नियोग, विवाहाचे जुने आठ प्रकार, यज्ञातील पशुहत्या, सतीची चाल या साऱ्या गोष्टी कोणत्या ना कोणत्या काळी मान्य होत्या. त्यांपैकी कशाकशाला पुन्हा जीवदान द्यायचे? भूतकाळातून निवड करावी लागते, हे एकदा मान्य केले की निवडीचा निकष आजच्या विवेकाकडूनच येणार. म्हणजे पुनरुज्जीवनवादीही प्रत्यक्षात सुधारणाच करत असतो, फक्त तो तिला दुसरे नाव देतो.

या युक्तिवादाच्या मुळाशी समाजाविषयीची एक कल्पना आहे. समाज हा सजीव देहासारखा आहे. देहात जुन्या पेशी जातात आणि नव्या येतात. गेलेल्या पुन्हा आणता येत नाहीत, मात्र देहाचे सातत्य तुटत नाही. म्हणून मृताला उठवणे हे जसे अशक्य, तसे भूतकाळ पुसून कोऱ्या पाटीवर लिहिणेही अशक्य. ‘रिफॉर्म’ या शब्दाची घडणच पुन्हा घडवणे अशी आहे, आणि रानडे यांना अभिप्रेत असलेला अर्थ त्याच्या जवळचा आहे. साहित्य जुने, रचना नवी. ‘रिव्होल्यूशन’, म्हणजे क्रांती, हा शब्द त्यांनी याच कारणाने दूर ठेवला आणि ‘इव्होल्यूशन’, म्हणजे क्रमविकास, ही कल्पना जवळची मानली.

‘रिफॉर्म’ परका आहे या आक्षेपाला त्यांनी इतिहासाच्या आधारेही उत्तर दिले. ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ (१९००) या ग्रंथात त्यांनी महाराष्ट्रातील संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील ‘रिफॉर्मेशन’शी, म्हणजे धर्मसुधारणेच्या चळवळीशी, केली. संतांनी लोकभाषेतून धर्म सांगितला, कर्मकांडाचे आणि पुरोहितांचे महत्त्व कमी केले, निरनिराळ्या जातींतील माणसांना भक्तीच्या पातळीवर एकत्र आणले, असे त्यांचे प्रतिपादन होते. नरसीचे नामदेव आणि पैठणचे एकनाथ मराठवाड्याचेच होत. ज्या अंबाजोगाईस मुकुंदराजांची आणि दासोपंतांची समाधी आहे, तेथील विद्यार्थ्यास लोकभाषेतून तत्त्वज्ञान सांगण्याची ही परंपरा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. शब्द इंग्रजी असला, तरी ती क्रिया आपल्याच भूमीतील आहे, असे रानडे यांना दाखवायचे होते.

४.२.५ शब्दाची कसोटी

क्रमाक्रमाने बदल घडवणे या अर्थाने ‘रिफॉर्म’ स्वीकारल्यावर एक अडचण उभी राहते. किती हळू चालायचे? तडजोड कोठे थांबवायची? रानडे यांच्या आयुष्यात हा प्रश्न दोनदा उग्र रूपाने उपस्थित झाला.

१८७३ मध्ये त्यांच्या प्रथम पत्नीचे निधन झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि विधवाविवाहाचे प्रसिद्ध पुरस्कर्ते होते. ते एखाद्या विधवेशी विवाह करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती आणि वडिलांना नेमकी तीच भीती होती. वडिलांनी तातडीने दुसरा विवाह ठरवला. रानडे यांनी विनवणी केली, विरोध केला, आणि अखेर वडिलांच्या आज्ञेपुढे मान तुकवली. वधू कुर्लेकर घराण्यातील अकरा वर्षांची मुलगी होती. पुढे ती रमाबाई रानडे या नावाने महाराष्ट्रास परिचित झाली.

दुसरा प्रसंग पंचहौद मिशनचा. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील या मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींना चहा देण्यात आला. उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि बहिष्काराचे सावट पसरले. १८९२ मध्ये रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. स्वतःस काही दोष लागला असे त्यांना वाटत नव्हते. बहिष्कारामुळे मित्रांच्या कुटुंबांना होणारा त्रास टळावा, हा त्यांचा हेतू होता. तरीही त्यांच्या अनुयायांचा विरस झाला आणि विरोधकांना टीकेचे साधन मिळाले.

या प्रसंगांचा निवाडा करताना दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्यात. समाजापासून तुटून सुधारणा होत नाही, अशी रानडे यांची धारणा होती. बंड करून वेगळे होणे हा सुधारणेचा एक मार्ग त्यांना ठाऊक होता, पण तो त्यांनी निवडला नाही. परंतु १८७३ च्या तडजोडीची किंमत त्यांनी एकट्याने दिली नाही. ज्या विधवेच्या हक्कासाठी ते बोलत होते, तिला त्यांच्या उदाहरणाचे बळ मिळाले नाही आणि एका अजाण मुलीचे आयुष्य तिला न विचारता ठरले. पुढे रानडे यांनी रमाबाईंना मराठी आणि इंग्रजी शिकवले. घरातील स्त्रियांचा रोष सोसून त्या शिकल्या, सार्वजनिक कार्यात आल्या आणि पतीच्या मृत्यूनंतर पुण्यातील सेवासदनाच्या उभारणीत अग्रभागी राहिल्या. त्यांचा ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हा ग्रंथ मराठी आत्मचरित्रवाङ्मयात महत्त्वाचा मानला जातो. रमाबाईंच्या या कर्तृत्वाने पतीची चूक पुसली जात नाही, पण हळू चालणारी सुधारणाही कोठवर जाऊ शकते, हे त्यातून दिसते.

४.२.६ इतरांच्या दृष्टीने ‘सुधारणा’

रानडे यांचा अर्थ सर्वांनी स्वीकारला नाही. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे पत्र सुरू केले. जे विवेकास पटते ते बोलावे आणि आचरावे, त्यासाठी शास्त्राचा वा परंपरेचा आधार शोधण्याची आवश्यकता नाही, अशी आगरकरांची भूमिका होती. रानडे यांना जे सातत्य मोलाचे वाटे, ते आगरकरांना बऱ्याचदा सोयीचा आडोसा वाटे.

महात्मा जोतीराव फुले यांचा आक्षेप अधिक मूलगामी होता. ज्या १८७३ मध्ये रानडे यांचा दुसरा विवाह झाला, त्याच वर्षी फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. १८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची दुसरी सभा भरली, तेव्हा रानडे यांनी फुले यांना निमंत्रण दिले. फुले यांनी पत्र लिहून ते नाकारले. शूद्रातिशूद्रांना माणूस म्हणून हक्क देण्यास जे प्रत्यक्षात तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आपला मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय होता. सजीव देहाच्या उपमेलाही येथे प्रश्न विचारता येतो. देहाचा एक भाग शतकानुशतके दुसऱ्याच्या ओझ्याखाली असेल, तर देहाचे सातत्य टिकवण्यात त्याचे हित कोणते? रानडे यांच्या ‘रिफॉर्म’मध्ये या प्रश्नाचे पुरेसे उत्तर मिळत नाही.

४.२.७ अखेरची वर्षे

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मुंबईत १८९६ पासून प्लेगचे थैमान सुरू होते. त्यातून १८९८ मध्ये ‘सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. रुंद रस्ते आणि हवेशीर वस्त्या हे तिचे उद्दिष्ट होते. शहराची ‘इम्प्रूव्हमेंट’ सरकारी हुकमाने सुरू करता येत होती. समाजाच्या ‘रिफॉर्म’साठी माणसांची मने बदलावी लागतात, आणि ते काम रानडे अखेरपर्यंत करत राहिले. १९०० च्या अखेरीस लाहोर येथे भरलेल्या सामाजिक परिषदेस प्रकृतीमुळे त्यांना जाता आले नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

४.३ सारांश

मराठीतील ‘सुधारणा’ या शब्दात इम्प्रूव्हमेंट, रिफॉर्म आणि सिव्हिलायझेशन असे भिन्न अर्थ एकत्र आले होते. रानडे यांनी दिलासा आणि मूलभूत बदल यांतील भेद शेतीच्या प्रश्नात ओळखला, तर पुनरुज्जीवन आणि सुधारणा यांतील भेद सामाजिक प्रश्नात स्पष्ट केला. भूतकाळाची निवडही वर्तमानातील विवेकानेच करावी लागते, हा त्यांचा युक्तिवाद आजही उपयुक्त आहे. मात्र क्रमविकासाच्या मार्गात तडजोडीची किंमत अनेकदा दुर्बलांना द्यावी लागते, हेही त्यांच्याच चरित्रातून आणि फुले व आगरकर यांच्या आक्षेपांतून दिसून येते. ‘सुधारणा’ हा शब्द वाचताना वा लिहिताना काय बदलते, काय तसेच राहते आणि किंमत कोण देतो, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन कोणत्या वर्षी भरले?
२. १८७९ चा शेतकरी दिलासा कायदा कोणत्या चार जिल्ह्यांना लागू होता?
३. रमाबाई रानडे यांच्या आत्मचरित्रपर ग्रंथाचे नाव काय?

आ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. ‘जमिनीची सुधारणा’ आणि ‘जमीन सुधारणा कायदा’ यांतील अर्थभेद स्पष्ट करा.
२. पुनरुज्जीवनाच्या कल्पनेवर रानडे यांनी कोणता आक्षेप घेतला?

इ) सविस्तर उत्तर लिहा.
१. रानडे यांच्या सुधारणाविषयक विचाराचे सामर्थ्य आणि मर्यादा यांची चर्चा करा.

ई) उपक्रम
आपल्या गावात वा तालुक्यात ‘डागडुजी’, ‘दुरुस्ती’, ‘जीर्णोद्धार’, ‘सुधारणा’ आणि ‘कायापालट’ हे शब्द कोणत्या कामांसाठी वापरले जातात, याची नोंद करा. एका कामासाठी दोन निरनिराळी माणसे निरनिराळे शब्द वापरत असतील, तर त्यामागील कारण शोधा.